साक्षी टाइप करणाऱ्यांना त्रास होतो, ऑफिसकडे नक्की काय मागायचं?

हेडफोनवाली:

नमस्कार मंडळी. मी कोर्टात स्टेनो आहे. आमच्या सेक्शनला साक्षींचं रेकॉर्डिंग ऐकून शब्दन् शब्द टाइप करायचं काम असतं. दिवाणी मॅटर असलं तर काही वाटत नाही, पण हल्ली बायकांवरच्या आणि लहान मुलांवरच्या अत्याचाराच्या केसेस एकामागोमाग एक येतायत. बाहेरच्या लोकांच्या एक गोष्ट लक्षात येत नाही, की कोर्टात बसलेले सगळे ती साक्ष एकदा ऐकतात, आम्ही मात्र साक्षीदार रडत असेल, शब्द घशात अडकला असेल तर तेच वाक्य मागे नेऊन नेऊन ऐकतो, आवाज वाढवून ऐकतो, कारण ती "ढकललं" म्हणाली की "ढकलायचा" म्हणाली यावरून पुढे सगळी भांडणं होतात. म्हणजे सगळ्यात वाईट वाक्य तेच सगळ्यात जास्त वेळा कानात जातं.

आमच्यातली एकजण, कामाला एकदम चोख, ती गेल्या काही महिन्यांत पार बदललीये. कोणाशी बोलत नाही, मुलीला कुठे एकटं सोडत नाही, दर थोड्या वेळाने घरी फोन, फायली उशिरा देते, झोप लागत नाही म्हणते, आणि परवा म्हणाली की आता कशातच अर्थ वाटत नाही. साहेबांनी तिला उशिराबद्दल मेमो दिला.

मध्यंतरी ऑफिसने ताणमुक्तीचं शिबिर ठेवलं होतं. तासभर दीर्घ श्वास घेतले आणि सगळे परत त्याच फायलींवर. आता प्रशासनाने कर्मचाऱ्यांकडून लेखी सूचना मागवल्यात, तर संधी आहे. पण लिहायचं काय? आणि खरं सांगायचं तर मला लाज पण वाटते, कारण जे झालं ते त्या साक्षीदाराला झालं, आम्हाला काहीच झालेलं नाही, मग आम्ही त्रास होतो असं कुठल्या तोंडाने म्हणायचं? शिवाय समुपदेशकाकडे गेलं की सर्व्हिस बुकात नोंद होते असं सगळे म्हणतात. कोणी या क्षेत्रातलं असेल तर प्लीज सांगा.

मनमोकळं:

ताई, मी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहे, नोकरदार मंडळींबरोबरच जास्त काम करते. आधी तुमच्या मैत्रिणीबद्दल, सूचना वगैरे नंतर. "कशातच अर्थ वाटत नाही" हे वाक्य सोडून देऊ नका. तिला बाजूला घेऊन स्पष्ट विचारा, जीव द्यायचे विचार येतात का. असं विचारल्याने डोक्यात नसलेला विचार येतो ही भीती खोटी आहे, उलट बहुतेकांना कोणीतरी विचारलं म्हणून हायसं वाटतं. हो म्हणाली तर तिला एकटं सोडू नका, त्याच दिवशी डॉक्टरकडे न्या, घरातल्या एका विश्वासाच्या माणसाला कळवा. नाही म्हणाली तरी झोप उडालीये, सतत धास्ती आहे, एवढं डॉक्टरकडे जायला पुरेसं आहे.

आता लाज वाटते त्याबद्दल. पीटीएसडीचं, म्हणजे मोठ्या आघातानंतर जडणाऱ्या मानसिक आजाराचं, निदान करताना डीएसएम-५ हे २०१३ सालचं पुस्तक जगभर वापरलं जातं, त्यात आघात म्हणजे काय हे सांगताना एक प्रकार असा दिलाय की कामाचा भाग म्हणून भयंकर घटनांचे तपशील वारंवार समोर येणं. म्हणजे लहान मुलांवरच्या अत्याचाराचे तपशील सतत हाताळणारे पोलीस, अपघातानंतर अवशेष गोळा करणारे लोक. टीव्हीवर, मोबाइलवर पाहिलेलं त्यात धरत नाहीत, पण तेच पाहणं कामाचा भाग असेल तर धरतात. तुमचे हेडफोन त्यात बसतात. मैत्रिणीला तोच आजार आहे असं मी म्हणत नाहीये, ते तपासूनच कळेल, पण "आम्हाला काहीच झालेलं नाही" हे मनातून काढून टाका. साक्षीदाराचं दुःख मोठं आहे म्हणून तुमचं खोटं ठरत नाही.

सूचनांचं म्हणाल तर जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये कामाच्या ठिकाणच्या मानसिक आरोग्यावर मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यात कामाची रचना बदलणं आणि वरिष्ठांना प्रशिक्षण देणं हे दोन्ही आहे, एकट्या कर्मचाऱ्याला श्वास घ्यायला शिकवून विषय संपवलेला नाही. तुमच्या बाबतीत रचना म्हणजे काय तर फाइल वाटताना तिच्यावर आधीच खूण असावी की आत काय आहे, म्हणजे माणूस मनाची तयारी करून बसतो, अचानक अंगावर येत नाही. एकाच व्यक्तीकडे अशा फायली लागोपाठ जाऊ नयेत, मध्ये साधं काम यावं. दिवसाची शेवटची फाइल कधीच अशी नसावी, कारण ती घेऊनच आपण घरी जातो. अवघड जागा दोघांनी आळीपाळीने ऐकावी. व्हिडिओ असेल आणि चित्राची गरज नसेल तर खिडकी छोटी करून ठेवा, नुसतं बघायचं असेल तर आवाज बंद. दिसायला या बारीकसारीक गोष्टी आहेत पण यानेच खूप फरक पडतो.

आणि एक गोष्ट मागू नका. भयंकर केस झाली की सगळ्यांना खोलीत बसवून काय काय वाटलं ते सक्तीने बोलायला लावायची पद्धत बऱ्याच ठिकाणी आहे. असं एकाच बैठकीचं डीब्रीफिंग पीटीएसडी टाळत नाही हे संशोधनांतून पुरेसं स्पष्ट झालंय, आणि काहींना त्याने त्रास वाढलेला दिसलाय. ज्याला बोलायचं त्याला बोलायची सोय हवी, सक्ती नको.

रात्रपाळी:

मॅडम, मी तुरुंगात नोकरी करतो, वर्दीवाला. तुमचं वाचून राहवलं नाही म्हणून लिहितोय, थोडं लांबेल.

आमच्याकडे नवीन माणूस आत आला की पहिले काही दिवस सगळ्यात धोक्याचे. बाहेरून लोकांना वाटतं जन्मठेपवाला खचतो. खरं तर परवापर्यंत घरी होता आणि आज आत आलाय, घरच्यांना तोंड कसं दाखवू या विचारात आहे, नशा सुटल्यामुळे हातपाय थरथरतायत, त्याच्यावर डोळा ठेवावा लागतो. त्या रात्री मी काय बघतो ते सांगतो. ताट परत गेलं का. भिंतीकडे तोंड करून पडलाय की येणाऱ्याजाणाऱ्याकडे बघतोय. फोन करायला मिळाला का, आणि फोन झाल्यावर चेहरा कसा होता. हा शेवटचा भाग महत्त्वाचा आहे कारण कधीकधी फोननेच माणूस कोसळतो, बायकोने फोन ठेवून दिला, आई आजारी आहे असं कळलं. हे सगळं बघायला वेळ लागतो, आणि दोन बराकींना एक माणूस असेल तर नुसती मोजणी होते, बघणं होत नाही.

कैद्यांना कसं वागवायचं याचे संयुक्त राष्ट्रांचे मंडेला नियम आहेत, २०१५ मध्ये मंजूर झाले. त्यात आत आलेल्या प्रत्येकाची लवकरात लवकर तपासणी करा, मानसिक ताण, आत्महत्येचा धोका, नशा सुटल्याचा त्रास हे सगळं बघा असं आहे. बाहेरच्या माणसाला जे उपचार मिळतात त्याच दर्जाचे आत मिळाले पाहिजेत असंही आहे. दिवसातले २२ तास किंवा जास्त माणसांशी खराखुरा संपर्क नसलेली एकांत कोठडी सलग १५ दिवसांच्या वर द्यायला बंदी आहे, आणि मानसिक आजार असलेल्याला त्याने आजार वाढणार असेल तर ती द्यायचीच नाही. ट्रेनिंगमध्ये आम्हाला मानसिक त्रास लवकर ओळखायला शिकवावं हेसुद्धा त्या नियमांत आहे. अनेक देशांतल्या पाहण्या एकत्र करून असं निघालंय की साधारण सात कैद्यांत एकाला सायकोसिस, म्हणजे खऱ्याखोट्याचं भान सुटणं, किंवा मोठं डिप्रेशन असतं. माझ्या बराकीत किती जण झाले तुम्हीच हिशोब करा.

मला सांगायचंय ते हे की आमचं डोकं आणि कैद्याचं डोकं ही दोन वेगळी प्रकरणं नाहीत. डबल ड्यूटी करून थकलेला शिपाई कैदी भिंतीवर डोकं आपटतोय हे बघतो आणि "नाटक करतोय" म्हणून पुढे जातो. तो दुष्ट नसतो. त्याच्यात आतलं काही उरलेलंच नसतं. मग कैद्याला डॉक्टर ऐवजी शिक्षा मिळते, तो आणखी बिघडतो, दुसऱ्या दिवशी आमचं काम आणखी वाढतं. म्हणून मॅडम, तुम्ही मागणी करताना आम्हाला त्रास होतो एवढंच लिहू नका, थकलेल्या माणसाच्या हातून साक्ष चुकीची टाइप होते आणि त्यावर कोणाची तरी सुटका नाहीतर शिक्षा ठरते हेही लिहा. वरच्यांना ते लगेच कळतं.

काळाकोट:

रात्रपाळी साहेब, शेवटचं पटलं. मी फौजदारी वकिली करते. ताईंना एक भर घालते आणि मनमोकळं यांच्या एका मुद्द्यावर शंका आहे.

भर अशी की साक्षीदाराला जितक्यांदा तेच सांगावं लागेल तितका त्यालाही त्रास आणि तुम्हालाही. तारीख पडली की मनाची तयारी करून आलेली मुलगी तशीच परत जाते आणि पुढच्या वेळी पुन्हा पहिल्यापासून. ध्वनिमुद्रण पहिल्यांदाच नीट झालं, माइक जवळ असला, बोलताना मागे खुर्च्या सरकवल्या जात नसल्या, तर तुम्हाला ते वाक्य दहा वेळा मागे न्यावं लागणार नाही. म्हणून सूचनांमध्ये चांगला माइक जरूर मागा. ही मागणी कोणी "मानसिक" म्हणून नाकारू शकत नाही.

शंका अशी की फायली फिरवत ठेवल्या तर एका साक्षीचा अर्धा भाग एकाने, अर्धा दुसऱ्याने टाइप केला असं होईल. साक्षीदाराची बोलण्याची ढब एका कानाला सवयीची झालेली असते, दुसरा माणूस तिथे चुकू शकतो. मला उलटतपासणीत याचा फटका बसलेला आहे.

बाकी ही सगळी चर्चा आता न्यायाधीशांपर्यंतही पोचलीये. जुलै २०२४ मध्ये नाउरू या प्रशांत महासागरातल्या छोट्या देशात न्यायाधीशांच्या मानसिक स्वास्थ्यावर जाहीरनामा झाला, ताण येणं हा कमकुवतपणा नाही आणि ही संस्थेचीही जबाबदारी आहे असं त्यात मांडलंय, आणि नंतर संयुक्त राष्ट्रांनी २५ जुलै हा त्यासाठीचा दिवस म्हणून जाहीर केला. तुमच्या पत्रात याचा एक ओळीचा उल्लेख करा. न्यायाधीशांना जे लागू, ते त्यांच्याच कोर्टातल्या स्टेनोला का नाही, हा प्रश्न मग वाचणाराच विचारेल.

मनमोकळं:

काळाकोट, बरोबर आहे तुमचं. मग साक्ष एकाचीच राहू दे, पण एक साक्ष संपली की पुढची तशीच फाइल त्या व्यक्तीला लगेच नको. आणि साक्ष लांब असेल तर वेळ वाढवून द्या, रोजच्या पानांच्या कोट्यात ती मोजू नका.

टेबलखालून:

मी एचआरमध्ये आहे, सरकारी नाही, पण नोंदीचा मुद्दा सगळीकडे सारखाच असतो म्हणून सांगतो. ताई, ऑफिसात समुपदेशक आहे हे मागून पुरत नाही, तो कोणाला रिपोर्ट करतो हे विचारा. तो प्रशासनाच्याच हाताखाली असेल आणि त्याची खोली साहेबांच्या केबिनशेजारी असेल तर कोणी जाणार नाही, कितीही पोस्टर लावा. बाहेरची सेवा असावी, ऑफिसला फक्त किती लोक आले एवढा आकडा कळावा, नाव नाही, आणि जीवाला धोका असेल तेव्हाच गोपनीयता सैल होईल हे आधीच लेखी सांगितलेलं असावं. हे लेखी नसेल तर लोक कँटीनमध्ये ऐकलेल्या गोष्टीवरच विश्वास ठेवणार.

मेमोबद्दल. चांगलं काम करणारी बाई अचानक उशीर करायला लागली तर पहिली पायरी मेमो कशी असू शकते? साहेबाने खोलीत बोलावून "काम आधीसारखं होत नाहीये, काही अडचण आहे का, माझ्याकडून काय बदलू" एवढं विचारायला हवं होतं. हे सगळ्यांना आपोआप जमत नाही, शिकवावं लागतं, म्हणून वरिष्ठांच्या प्रशिक्षणाची मागणी पहिल्या क्रमांकावर टाका. तिने डॉक्टरचं पत्र आणलं तर मेमोला लेखी उत्तर द्या, गप्प बसू नका, कारण उत्तर नसलेला मेमो फाइलमध्ये तसाच राहतो.

हेडफोनवाली:

सगळ्यांचे मनापासून आभार. मैत्रिणीशी बोलले. स्पष्ट विचारलं, विचारताना माझेच हात गार पडले होते. तसे विचार येत नाहीत म्हणाली पण खूप रडली, आणि उद्याची डॉक्टरची वेळ घेतलीये, तिचा नवरा सोबत जातोय. पत्राचा मसुदा आम्ही दोघी-तिघी मिळून करतोय, फाइलवर खूण, शेवटची फाइल साधी, लांब साक्षीला वेगळा वेळ, माइक, बाहेरचा समुपदेशक, साहेबांचं प्रशिक्षण, सगळं टाकलंय. रात्रपाळी दादा, चुकीच्या टायपिंगचं वाक्य पहिल्याच परिच्छेदात घेतलंय. एकच राहिलं, डॉक्टरांनी तिला रजा दिली तर परत आल्यावर काय? पुन्हा त्याच फायली?

मनमोकळं:

नाही, आणि हे पत्रातच लिहा. रजेवर असताना अधूनमधून एखाद्या मैत्रिणीने फोन करावा, कामाचं न बोलता. परत आली की सुरुवातीला अर्धा दिवस, फक्त दिवाणी फायली, मग तिला विचारून हळूहळू वाढवायचं, आणि हे वेळापत्रक ती, साहेब आणि तिचे डॉक्टर यांनी मिळून ठरवायचं. कायमचं तिला त्या फायलींपासून दूर ठेवलंत तर तिला वाटेल मला कमी लेखतायत, म्हणून परत त्या घ्यायच्या का हे तिलाच ठरवू द्या.

रात्रपाळी:

आणि मॅडम, पत्रावर तारीख टाकून पोच घ्या, आणि तीन महिन्यांनी आढावा घ्यावा अशी ओळ खाली नक्की टाका. आमच्याकडे तशी ओळ नव्हती म्हणून चांगला प्रस्ताव कपाटातच राहिला.