क्लॅप्टनला आत्ता पाहून घ्यावं का?

प्रश्न: गिटारवादक एरिक क्लॅप्टनचा जन्म १९४५चा, म्हणजे गडी ऐंशी पार. तिकीट महाग आहे. बोटं अजून चालतात, की नुसतं नाव बघायला जायचं?

उत्तर: जा. नसांच्या दुखण्याबद्दल तो २०१६मध्ये स्वतःच बोललाय. मी पाहिलं तेव्हा सोलो (त्याच्या एकट्याच्या गिटारचे तुकडे) आखूड वाटले खरे. पण एकदा तार ओढून स्वर वर नेला, डोळे मिटले, आणि माझ्या शेजारचा दाढीवाला चक्क रडला. (मीही. असो.)

दुसरं उत्तर: गिटारवादक जेफ बेकला मी ‘पुढच्या खेपेला बघू’ म्हणून टाळलं. जानेवारी २०२३मध्ये गेला, ७८ व्या वर्षी. काढा हो तिकीट!

प्रश्नकर्ता: काढलं. अगदी वरच्या बाल्कनीतलं. दुर्बीण नेतोय, बोटं बघायला.