२५ रात्री, तीन देश, आगगाडी आणि भाड्याची कार: आराखडा तपासून हवा आहे

नकाशावेडी
आम्ही चौघं: दोन मोठे, एक ज्येष्ठ, एक अकरा वर्षांचा. ५ सप्टेंबर २०२६ ला झुरिकला उतरून ३० ला व्हिएन्नाहून परत. आराखडा असा:

ल्युसर्न ३ रात्री, लाउटरब्रुनेन ३, झरमाट २, कूर १, मग बर्निना रेल्वेमार्गाने (आल्प्स ओलांडून इटलीत उतरणारा) मिलान २, व्हेनिस ३, डोलोमाइट्सचे डोंगर ४, इन्सब्रुक १, साल्झबुर्ग २, हॉलस्टाट १, व्हिएन्ना ३.

स्वित्झर्लंड आगगाडीने करणार. पुढे इटली आणि ऑस्ट्रियासाठी मिलानला कार घेऊन थेट व्हिएन्नाला सोडावी म्हणतो, म्हणजे सामान ओढायला नको. प्रश्न तीन:
१) कारचा हा बेत बरोबर आहे का?
२) युरेल पास (बऱ्याच युरोपीय देशांतल्या गाड्यांना चालणारा) घ्यावा की सुटी तिकिटं?
३) शेंगेन व्हिसासाठी (तिन्ही देशांना मिळून एकच) अर्ज कोणत्या देशाकडे करायचा?

लोहमार्ग
तिसऱ्यापासून सुरुवात करतो, कारण बाकीचं सगळं त्यावर अडतं. ज्या देशात मुक्काम जास्त, त्याच्याकडे अर्ज. मुक्काम सारखा असेल तर जिथून पहिला प्रवेश, तो देश. तुमच्या रात्री मोजल्या: स्वित्झर्लंड ९, इटली ९, ऑस्ट्रिया ७. म्हणजे आत्ता बरोबरी आहे आणि अर्ज स्वित्झर्लंडकडे जातो. पण एक रात्र इटलीला वाढवलीत की अर्ज इटलीकडे. म्हणून आधी रात्री पक्क्या करा, मगच अपॉइंटमेंट घ्या. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, किमान पंधरा दिवस आधी करावाच लागतो. विमा किमान ३०,००० युरोचा हवा.

आता पास. युरेलचा फ्लेक्सी पास प्रवासाच्या दिवसांवर असतो आणि दिवस मध्यरात्री ते मध्यरात्री धरतात. इटलीतल्या वेगवान गाड्यांना पास असूनही आरक्षणाचे पैसे वेगळे पडतात. तुमचे लांब पल्ल्याचे दिवस जेमतेम सात-आठ, त्यातले बरेच स्वित्झर्लंडमध्ये. तेव्हा युरेल सोडा.

स्विस ट्रॅव्हल पास सलग ३, ४, ६, ८ किंवा १५ दिवसांचा मिळतो. तुम्ही ५ ते १४ असे दहा दिवस तिथे आहात. त्यासाठी १५ चा घेऊ नका. ५ ला विमानतळ ते ल्युसर्न साधं तिकीट काढा, ६ ला गावातच पायी फिरा, आणि ८ दिवसांचा पास ७ पासून सुरू करा. तो १४ ला संपतो आणि बर्निना मार्गावर तिरानोपर्यंत चालतो. तिरानो हे इटलीतलं स्टेशन, तिथून मिलानचं तिकीट वेगळं. ७ ला रिगीवर जा. त्या डोंगराच्या गाड्या पासात फुकट आहेत. मुलासाठी स्विस फॅमिली कार्ड मागून घ्या, पासधारक पालकाबरोबर सोळा वर्षांखालचं मूल फुकट.

मात्र युंगफ्राउयोखला (लाउटरब्रुनेनच्या वरचं उंच बर्फातलं स्टेशन) जायचं असेल तर आकडेमोड पुन्हा करा. ट्रॅव्हल पासवर वरच्या टप्प्याला २५ टक्के सवलत, हाफ फेअर कार्डवर (पासाऐवजी घ्यायचं निम्म्या भाड्याचं कार्ड) ५० टक्के. झरमाटच्या गोर्नरग्राटला दोन्हींवर निम्मंच भाडं. उंच शिखरं जास्त असतील तर हाफ फेअर, रोज बोटी-बस-गाड्या असतील तर पास.

आणि बर्निना एक्स्प्रेसच्या मोठ्या काचांच्या डब्यात पास असला तरी जागेचं आरक्षण सक्तीचं. त्याच रुळांवरून साध्या गाड्याही धावतात, त्यांना आरक्षण लागत नाही आणि त्यांच्या खिडक्या उघडतात. ब्रुसिओच्या गोल पुलावर गाडी स्वतःच्याच शेपटीला वळसा घालते, तिथे काचेतल्या प्रतिबिंबाशिवाय फोटो हवा असेल तर साधी गाडी बरी. कूर ते तिरानो अंदाजे चार तास, तिरानो ते मिलान अडीच.

दुसरा गिअर
कारबद्दल. मिलान ते व्हिएन्ना हा बेत मोडा. कार गावाहून गावी जाण्यासाठी नाही, जिथे रूळ नाहीत तिथे फिरण्यासाठी घ्यायची. एका देशात घेऊन दुसऱ्या देशात सोडली की एकतर्फी शुल्क इतकं लागतं, की कधी कधी ते भाड्याच्या वर जातं. शिवाय मिलान, व्हेनिस, साल्झबुर्ग, व्हिएन्ना इथे ती नुसती पार्किंगचं मीटर फिरवत उभी राहणार. व्हेनिसमध्ये तर रस्ता गावाच्या कडेच्या पियाझाले रोमा चौकात संपतो.

फक्त डोलोमाइट्ससाठी घ्या. त्या डोंगरांजवळच्या बोल्झानो शहरात घ्यायची, बोल्झानोलाच सोडायची.

इटलीत खरा खड्डा म्हणजे झेडटीएल. गावाच्या जुन्या भागात परवान्याशिवाय गाडी न्यायची नाही. पांढऱ्या पाटीवर लाल वर्तुळ आणि खाली वेळ लिहिलेली असते. फाटक नसतं, नुसता कॅमेरा असतो. दंड भाडेकंपनीकडे जातो, ती तुमचा पत्ता कळवते आणि कळवण्याचेही पैसे कार्डावरून कापते; मूळ दंड मागाहून, कित्येक महिन्यांनी घरी येतो. हॉटेल त्या भागात असेल तर गाडीचा नंबर आधी हॉटेलला कळवा, ते नोंदवून देतात. आत शिरून मग सांगू, असं करू नका.

पार्किंगच्या रेघा: पांढरी फुकट, निळी पैसे भरून, पिवळी राखीव. टोलनाक्यावर पिवळ्या टेलिपासच्या (टोल आपोआप कापणाऱ्या यंत्राच्या) रांगेत शिरायचं नाही. रोख किंवा कार्डाची खूण असलेली रांग धरा. आत शिरताना मिळालेलं तिकीट हरवलं तर सगळ्यात लांबच्या नाक्यापासूनचा टोल लागू शकतो. पंपावर 'गासोलियो' म्हणजे डिझेल, 'बेन्झिना' म्हणजे पेट्रोल. 'सेर्वितो' लिहिलेल्या बाजूला माणूस भरून देतो आणि दर जास्त असतो, 'सेल्फ' लिहिलेल्या बाजूला आपण.

घाटात अंतर मोजू नका, वेळ मोजा. साठ किलोमीटरला दोन तास सहज जातात. पोर्दोई घाटाचा माथा २२३९ मीटरवर, गार्देनाचा २१२१. उतरताना दुसऱ्या गिअरमध्ये इंजिनाच्या जोरावर उतरा. ब्रेक सतत दाबून ठेवला की तापतो, जळका वास येतो आणि पेडल मऊ लागतं. ऑटोमॅटिक हवी असेल तर बुकिंग करतानाच निवडा, तिथे साधा गिअरच जास्त. चार माणसं आणि चार मोठ्या बॅगा 'कॉम्पॅक्ट' गाडीत बसत नाहीत. स्टेशन वॅगन पाहा.

भटकभवानी
दुसरा गिअर यांना अनुमोदन, पण बोल्झानोवर नाही. ती मंडळी व्हेनिसहून येणार आहेत. पियाझाले रोमालाच भाड्याच्या गाड्यांची कार्यालयं आहेत. तिथून डोलोमाइट्समधलं कोर्तिना साधारण दोन-अडीच तासांवर. पहिल्या दोन रात्री कोर्तिनाच्या बाजूला, पुढच्या गार्देना खोऱ्यात, आणि कार बोल्झानोला सोडून तिथूनच उत्तरेची गाडी. एकाच देशात घेऊन सोडल्यामुळे एकतर्फी शुल्क कमी असतं, कधी नसतंच. आगगाडीने बोल्झानोला जायचं तर व्हेरोनाला बदलून तीनेक तास, म्हणजे अर्धा दिवस गेलाच.

दुसरा गिअर
मान्य, हा रस्ता चांगला. फक्त वेळ सांभाळा. १९ सप्टेंबर शनिवार आहे, लहान शाखा शनिवारी दुपारी बंद होतात आणि रविवारी उघडतच नाहीत. ठरलेल्या वेळेला पोचला नाहीत तर बुकिंग रद्द आणि पैसे गेले. सकाळी नऊ-दहाची वेळ घ्या.

काउंटरवर मुख्य चालकाच्याच नावाचं क्रेडिट कार्ड लागतं, डेबिट बऱ्याच ठिकाणी चालत नाही. अनामत रक्कम अडकून राहते, तेवढी मर्यादा मोकळी ठेवा. मूळ परवान्याबरोबर आंतरराष्ट्रीय परवाना हवाच. विम्यात टायर, काचा, छप्पर आणि खालचा भाग बहुधा वगळलेला असतो, ते वाचून सही करा. निघण्याआधी चारही चाकांच्या रिम, बंपरची खालची कड, पुढची काच, इंधनाचा काटा आणि किलोमीटरचा आकडा यांचा सलग एक व्हिडिओ काढा. परत देतानाही तसाच.

तिकीटखिडकी
ऑस्ट्रियाबद्दल कुणी बोललं नाही म्हणून.

इन्सब्रुकची एक रात्र कशाला? बोल्झानोहून इन्सब्रुक दोन तास, तिथून साल्झबुर्ग दोनेक तास. सामान लॉकरमध्ये ठेवून जुनं गाव बघा आणि संध्याकाळची गाडी पकडा.

हॉलस्टाटचं स्टेशन तळ्याच्या पलीकडच्या काठावर आहे. गावात जायला बोट, आणि ती गाड्यांच्या वेळांशी बांधलेली. संध्याकाळी उशिराच्या गाडीने उतरलात तर बोट नाही आणि आजूबाजूला काही नाही. दुपारीच पोचा.

साल्झबुर्ग-व्हिएन्ना मार्गावर ओबीबी आणि वेस्टबान अशा दोन कंपन्या आहेत. एकीचं स्वस्त तिकीट दुसरीच्या गाडीत चालत नाही. स्वस्त तिकीट म्हणजे ठरावीक गाडीचं तिकीट. गाडी बदलायची असेल तर दोन्ही टप्पे एकाच तिकिटावर घ्या. पहिली उशिरा येऊन दुसरी चुकली तर पुढच्या गाडीने न्यायची जबाबदारी त्यांची. वेगवेगळी तिकिटं घेतलीत तर ती तुमची. युरोपीय नियमाने एक तासाच्या उशिराला भाड्याच्या २५ टक्के आणि दोन तासांच्या पुढे ५० टक्के परत मिळतात.

इटलीत 'शोपेरो', म्हणजे संप, आधी जाहीर होतो. कामाच्या दिवशी सकाळी ६ ते ९ आणि संध्याकाळी ६ ते ९ या वेळात ठरावीक प्रादेशिक गाड्या धावतातच. प्रादेशिक गाडीचं कागदी तिकीट फलाटावरच्या यंत्रात छापून घ्यायचं, नाहीतर तिकीट असून दंड.

नकाशावेडी
सगळ्यांचे आभार. बदल असा: इन्सब्रुकची रात्र काढून डोलोमाइट्सला दिली, आता तिथे ५. कार व्हेनिसहून १९ ला सकाळी साडेनऊला, बोल्झानोला २४ ला परत. हाफ फेअर की पास, ते युंगफ्राउयोख ठरल्यावर. अर्जाची अपॉइंटमेंट स्वित्झर्लंडची बघू ना?

लोहमार्ग
नाही! आता इटली १०, स्वित्झर्लंड ९. अर्ज इटलीकडे. हॉटेलांची बुकिंग त्याच तारखांची जोडा, आणि व्हिसा हातात येईपर्यंत रद्द करता येणारीच घ्या.

झुरिकला पहिल्या प्रवेशाच्या वेळी फोटो घेतात आणि व्हिसासाठी दिलेले बोटांचे ठसे ताडून बघतात, रांग लांबते. विमानतळ ते ल्युसर्न ठरावीक गाडीचं स्वस्त तिकीट घेऊ नका, दिवसभर चालणारं साधं घ्या.