ग्नाइसच्या साइझ्मिक सेक्शनवरचा प्रत्येक ठळक पट्टा म्हणजे एक थर धरायचा का?

गार्नेट_२४:
एम.एस्सी. भूभौतिकीच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रबंधासाठी स्वीडनमधल्या ओरे गावाजवळच्या कॉस्क-१ बोअरहोलचा साइझ्मिक डेटा (जमिनीत लहरी सोडून टिपलेली परावर्तनं) घेतलाय. २०१४ साली खणलेलं, जवळपास २५०० मीटर खोल, आणि कोअर (बाहेर काढलेला खडकाचा दंडगोल) जवळजवळ सगळा हाती आलेला. आठवडाभर बसून सेक्शनवरचा (परावर्तनांच्या उभ्या चित्रावरचा) एकेक ठळक पट्टा रेषेने पिक केला आणि प्रत्येकावर ‘अँफिबोलाइट’ (गडद, जड रूपांतरित खडक) लिहिलं. मग कोअरचे फोटो उघडले. ग्नाइस (पट्टेदार रूपांतरित खडक), अँफिबोलाइट, पुन्हा ग्नाइस... थर इतके की माझ्या रेषा कुठे बसवायच्या तेच कळेना. काही तर वीतभर जाडीचे. सगळं पुसून नव्याने सुरू करू का?

जुना_लॉगर:
रेषा ठेव गं, नावं तेवढी काढ.

अँफिबोलाइटची घनता घनसेंमीला ३ ग्रॅमच्या आसपास, त्यातला लहरीचा वेग सेकंदाला ६.८ किमी. ग्नाइसचे २.७ आणि ६. घनता गुणिले वेग २०.४ आणि १६.२; त्यांचा फरक भागिले बेरीज, म्हणजे परावर्तन गुणांक (सीमेवरून लहर किती जोरात परत फिरते ते) ०.११. कठीण खडकात एवढा मिळाला तर मी खूश होतो. तेव्हा परावर्तन अँफिबोलाइटमुळे येतंय हा अंदाज योग्य दिशेचा आहे, घोळ ‘प्रत्येक’मध्ये आहे. ६० हर्ट्झला तरंगलांबी १०० मीटर. तिच्या पावपट, म्हणजे २५ मीटरपेक्षा पातळ थराचा माथा आणि तळ वेगळे उमटत नाहीत. शेजारचे थर एकमेकांत मिसळतात; अंतर जुळलं तर पट्टा उजळतो, नाही तर विझतो. म्हणून उजळ दिसला की जाड, असं समजू नकोस. कोअरमध्ये सगळ्यात जाड असलेला थर सेक्शनवर फिका दिसू शकतो, हे मनात पक्कं ठेव.

आणि अभ्रकी शिस्ट असेल तिथे जप. पत्रणाच्या (खडकातल्या पापुद्र्यांच्या) दिशेने लहर जलद जाते, त्याला काटकोनात हळू. सगळीकडे एकच वेग धरलास तर खोली चुकते.

दगडफूल:
थरांच्या उताराकडेही बघा. जर्मनीतल्या केटीबी बोअरहोलच्या जागी सपाट नापे (दुरून सरकत आलेला खडकांचा पत्रा) असेल अशी अपेक्षा होती. ९१०१ मीटरपर्यंत खणलं, तर ग्नाइस आणि मेटाबेसाइट (अँफिबोलाइटसारखे गडद खडक) उभेच्या उभे. ठळक एसई-१ परावर्तन सुमारे ७ किमीवर गाठलं, ती निघाली तिरकी भ्रंशरेषा. थरांच्या सीमेशी तिचा संबंध नव्हता.

गार्नेट_२४:
काका, रात्री मॉडेल करून पाहिलं. ५ मीटरचे तीन अँफिबोलाइट, मधे ५-५ मीटर ग्नाइस, ६० हर्ट्झचं रिकर वेव्हलेट (लहरीचा ठरावीक, तयार आकार). तिन्हींचा मिळून एकच पट्टा आला! आता सोनिक (वेगाच्या) आणि घनतेच्या लॉगवरून, म्हणजे बोअरहोलमधल्या मोजण्यांवरून, पूर्ण सिंथेटिक (हिशोबाने बनवलेली साइझ्मिक नोंद) करते. वेव्हलेट रिकरच ठेवू का?

जुना_लॉगर:
नको. बोअरहोलजवळच्या ट्रेसमधून (प्रत्यक्ष साइझ्मिक नोंदीतून) वेव्हलेट काढ. आणि कोअरची खोली लॉगच्या खोलीशी आधी जुळवून घे, दोन-तीन मीटरचा फरक सहज असतो.