जॉर्ज कॅमसेल: ५९ गोल मारूनही विस्मरणात. अन्याय की बरोबरच?

फुटबॉलवेडा
इंग्लिश लीगमध्ये एका हंगामात सर्वात जास्त गोल कुणाचे, असं विचारलं की जाणकार लगेच सांगतात, डिक्सी डीन. एव्हर्टन, १९२७-२८, ६० गोल. पण आदल्याच हंगामात मिडल्सबरोच्या जॉर्ज कॅमसेलने ५९ मारले होते, हे किती जणांना ठाऊक आहे? तेही ३७ सामन्यांत. डीनला ३९ लागले. विक्रम जेमतेम वर्षभर टिकला, एका गोलाने गेला आणि जाताना माणसालाही घेऊन गेला.

गडी डरहॅमकडचा, आधी कोळशाच्या खाणीत राबलेला. इंग्लंडकडून ९ सामने, १८ गोल, आणि एकही सामना कोरडा नाही! डीनचेही १८च, पण १६ सामन्यांत. माझ्या मते निवड समितीने या माणसाची माती केली. बोला.

आकडेबहाद्दर
असहमत. ते ५९ गोल सेकंड डिव्हिजनमधले, म्हणजे वरून दुसऱ्या पातळीवरचे आहेत, हे तुम्ही सोयीस्करपणे गाळलंत. दुसरं म्हणजे १९२५च्या उन्हाळ्यात ऑफसाइडचा नियम बदलला. चेंडू पुढे टाकताना आक्रमकाच्या आणि गोललाइनच्या मध्ये आधी प्रतिस्पर्ध्यांचे तीन खेळाडू लागायचे, ते दोनावर आलं. फर्स्ट डिव्हिजनमध्ये १९२४-२५ला एकूण ११९२ गोल झाले होते, पुढच्याच हंगामात १७०३. बचावफळ्या भांबावलेल्या होत्या. अशा दिवसांतला आकडा आहे हा.

फुटबॉलवेडा
मग डीन काय जुन्या नियमाने खेळला का? सूट द्यायची तर दोघांना द्या, कापायचं तर दोघांचं कापा.

आणि सेकंड डिव्हिजन म्हणजे लिंबूटिंबू नव्हे. १९२६च्या नाताळच्या दिवशी मिडल्सबरो मँचेस्टर सिटीच्या मैदानावर ५-३ने जिंकलं. पाचही गोल कॅमसेलचे. हीच सिटी पुढच्या वर्षी डिव्हिजन जिंकून वर गेली. (अवांतर: १९२६-२७ला मात्र सिटीची बढती गोल सरासरीच्या (मारलेले भागिले खाल्लेले गोल) दशांश चिन्हापुढच्या आकड्यांवर हुकली, पोर्ट्समथ वर गेलं. त्या नाताळची आठवण त्यांना झालीच असेल.)

आकडेबहाद्दर
सिटीचं मान्य. पण पुढचं वर्ष का सांगत नाही? मिडल्सबरो वर गेलं आणि कॅमसेल ५९ वरून थेट ३३ वर आला. दोन डिव्हिजनमधला फरक याहून स्पष्ट कसा दिसणार?

शंकासुर
थांबा. त्या ३३ गोलांच्या हंगामात मिडल्सबरो तळाला होतं आणि परत खाली गेलं. तळाच्या संघात ३३! डीन विजेत्या संघात होता, चेंडू सारखा पायाशी यायचा. शिवाय ते टेबल बघा. शेवटच्या मिडल्सबरोचे ३७ गुण, त्यांच्यासोबत उतरलेल्या टॉटनहॅमचे ३८. विजेत्या एव्हर्टनचे ५३ फक्त. वरचा आणि खालचा यांत एवढंसंच अंतर असेल, तर 'फर्स्ट डिव्हिजन फार कठीण' याला तरी काय अर्थ?

माझी शंका वेगळीच आहे. कॅमसेलच्या इंग्लंडसाठीच्या १८ पैकी ११ गोल १९२९च्या चार सामन्यांतले: फ्रान्स २, बेल्जियम ४, आयर्लंड २, वेल्स ३. त्या काळचे फ्रान्स-बेल्जियम म्हणजे इंग्लंडला सराव सामनेच की.

फुटबॉलवेडा
आयर्लंड आणि वेल्सही सराव का? चार सामन्यांत ११ गोल मारणाऱ्याला नोव्हेंबर १९२९नंतर चार वर्षं बोलावलंच नाही, यावर बोला ना! डिसेंबर १९३३मध्ये परत घेतलं, तर पुन्हा फ्रान्सवर दोन. मग पुन्हा दोन वर्षं घरी. ४ डिसेंबर १९३५ला व्हाइट हार्ट लेनवर जर्मनी आली. मैदानावर स्वस्तिकाचा झेंडा, लंडनमधल्या ज्यूंचा निषेध, सामन्यापेक्षा बाहेरचीच चर्चा जास्त. इंग्लंड ३-० जिंकलं, दोन कॅमसेलचे. १९३६ला स्कॉटलंड, ऑस्ट्रिया, बेल्जियम, प्रत्येकी एक. यातला एकही सामना इंग्लंड जिंकलं नाही, पण याचा गोल आहेच. त्यानंतर मात्र कायमची सुट्टी.

आकडेबहाद्दर
ठीक, निवड समितीबद्दल माघार घेतो. चार वर्षांच्या त्या खंडाचं समर्थन मलाही जमणार नाही. पण सेंटर फॉरवर्डची जागा एकच, आणि समोर डीन. कुणीतरी बाहेर बसणारच होतं. ५९ला ६०च्या शेजारी बसवायला मात्र मी तयार नाही. डीनला शेवटच्या दिवशी तीन हवे होते, समोर आर्सेनल, आणि त्याने तीन मारले. असं दडपण कॅमसेलवर कधी होतं?

शंकासुर
नव्हतं, कारण तो डीनच्या आधी खेळला. ५९ आधी झालेच नसते, तर डीनला त्या दिवशी तीन लागलेच नसते.

आकडेबहाद्दर
हे मात्र चांगलं आहे. उद्या उत्तर देतो.

कट्ट्यावरचा
उशिरा आलो. एक राहिलं: मिडल्सबरोसाठी लीगमध्ये ३२५ गोल. आर्सेनल-एव्हर्टनकडे गेला असता तर आज हा धागाच काढावा लागला नसता.