मदत हवी आहे : शाळेचा डबा आणि एन्झाइमच्या कॅप्सूल (सिस्टिक फायब्रोसिस)

नमस्कार. माझ्या सहा वर्षांच्या लेकीला सिस्टिक फायब्रोसिस आहे, म्हणजे शरीरातले स्राव घट्ट होऊन फुप्फुसं आणि पचन बिघडवणारा जन्मजात आजार. पहिली तीन वर्षं घरचे 'खाल्लेलं अंगी लागत नाही, दृष्ट काढा' एवढंच म्हणत. मला खटकायचं ते वेगळंच. पापा घेतला की ओठ खारट व्हायचे. शी तेलकट, तरंगणारी, वास घरभर! शेवटी घामाची तपासणी झाली. त्यात क्लोराइड (मिठातला घटक) ९८ आलं. ६० किंवा त्याहून जास्त आलं की हा आजार धरतात.

भेटेल तो छातीचंच विचारतो. छाती सध्या बरी आहे हो, आमचं भांडण पोटाशी आहे. घट्ट स्रावाने स्वादुपिंडाच्या नळ्या तुंबतात, पाचकरस आतड्यात पोचत नाही, तूप-तेल तसंच बाहेर पडतं आणि त्यासोबत अ, ड, ई, के जीवनसत्त्वंही. म्हणून प्रत्येक खाण्याबरोबर पाचक एन्झाइमची कॅप्सूल. तिला गिळता येत नाही, मग उघडून आतले दाणे चमचाभर सफरचंदाच्या गरातून देते. चावायचे नाहीत, गरम वरणभातात तर मुळीच घालायचे नाहीत.

घोडं अडलंय शाळेत. बाई म्हणतात, "आम्ही औषध देत नाही." रोज मधल्या सुट्टीत मी फाटकाशी उभी! तुम्ही कसं जमवलंत? डॉक्टरांची चिठ्ठी चालली का?

आणि घामातून मीठ फार जातं, तर जळगावच्या उन्हाळ्यात जादा मीठ कशातून देता? ताक आता ती तोंडातही घेत नाही.