छोट्या व्यवसायाच्या वेबसाइटचं डिझाइन सुधारायचंय, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, माझा हाताने बनवलेल्या वह्या-डायऱ्यांचा छोटासा व्यवसाय आहे आणि त्याची वेबसाइट मी स्वतःच वर्डप्रेसवर केलीये. लोक येतात पण पहिल्याच पानावरून परत जातात, ऑर्डर जवळजवळ नाहीच, आणि खूप जीव लावून केलंय सगळं त्यामुळे वाईट वाटतं.

पेजस्पीड इनसाइट्सवर (वेबसाइटचा वेग तपासायचं गुगलचं साधन) तपासलं तर मोबाइलवर मुख्य फोटो दिसायलाच ६ सेकंद लागतायत, गुगलच्या हिशोबाने ते २.५ सेकंदांच्या आत हवं. वर ५ फोटोंचा स्लायडर आहे, सगळे फोटो कॅमेऱ्यातून निघाले तसेच टाकलेत, आता वेबपी (वेबसाठीचा हलका फोटो फॉरमॅट) करून लहान करतेय. पण स्लायडरच काढून एकच चांगला फोटो, खाली एका ओळीत आम्ही काय बनवतो ते आणि ऑर्डरचं बटण असं ठेवलं तर बरं पडेल का? मला तरी तेच पटतंय, कारण दुसऱ्या-तिसऱ्या फोटोपर्यंत कोण थांबतं.

दुसरं म्हणजे रंग. पांढऱ्यावर फिकट राखाडी अक्षरं मला फार आवडली होती पण आईला वाचताच येईनात, मग कळलं की कॉन्ट्रास्ट, म्हणजे अक्षरं आणि मागच्या रंगातला उजेडाचा फरक, किमान ४.५:१ लागतो. शिवाय मराठी मजकुरात वेलांट्या-उकार वरखालच्या ओळींना चिकटतात, तर लाइन हाइट (ओळीची उंची) किती ठेवता तुम्ही? आणि मुक्ता की बालू, कुठला फॉन्ट बारीक अक्षरात नीट दिसतो?

आणि हो, पहिल्या फोटोला लेझी लोडिंग (फोटो गरज पडेल तेव्हाच उशिरा लोड होणं) चालू आहे, ते बंद करायचं ना? कुणी केलं असेल तर प्लीज सांगा.