अंतराळात केबलवर भरवसा ठेवायचा का?

द्राक्षवाला, तासगाव:
नासा-इस्रोच्या निसार या रडार उपग्रहाचा १२ मीटरचा जाळीदार अँटेना १५ ऑगस्ट २०२५ ला उघडला. आधी बोल्ट उडवले, घडीत दाबून ठेवलेल्या ताणाने छत्री फुलली, मग मोटर आणि केबलने ओढून ती जागेवर बसवली. तेव्हापासून आमच्यात वाद चाललाय, अंतराळात घडी उघडायला केबल बरी की स्प्रिंग. माझं मत, मोठ्या कामाला केबलच हवी. हलकी असते, घडीत मावते, एका मोटरवर लांबची टोकं ओढते. जेम्स वेब या अंतराळ दुर्बिणीच्या, ऊन अडवणाऱ्या पडद्याला ९० केबल आणि सुमारे ४०० कप्प्या होत्या. जानेवारी २०२२ मध्ये पाचही थर ताणून झाले.

वर्कशॉपवाला, पलूस:
दादा, नाही पटलं. केबल ओढते, ढकलत नाही. मांडवाची ढिली तार निदान खाली लोंबते, डोळ्याला दिसते. तिथं वजनच नाही. ढिली केबल तरंगत जाऊन कशातही गुंतते. डिसेंबर २००० मध्ये स्पेस स्टेशनच्या सौर पंखाची ताणकेबल कप्पीवरून उतरली. २००७ मध्ये तिथंच गाईड वायर अडकून पंख फाटला. अंतराळवीर स्कॉट पॅराझिन्स्की बाहेर गेले, वायर कापली, फाटलेल्या जागी पाच जोड घातले. माणूस होता म्हणून निभावलं. वेब पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटरवर आहे, तिथं कोण जाणार? स्प्रिंगची चौकट बरी, सोडली की उघडते.

द्राक्षवाला:
सोडलेली स्प्रिंग परत हातात येते का? वेबच्या मोटर जरा गरम वाटल्या, तर त्यांनी काम एक दिवस थांबवलं. आणि गुरूकडे निघालेल्या गॅलिलिओ यानाची अँटेनाची छत्री १९९१ मध्ये अर्धवट उघडली, तिथं केबलचा दोष नव्हता. ट्रकच्या प्रवासात वंगण झिजलं आणि काड्या अडकल्या, असं निदान झालं.

तारवाला, मिरज:
मी सतारी बनवतो. तार तुटण्यापेक्षा खुंटी सरकून ती उतरते, हेच जास्त. २०१७ मध्ये जमिनीवरच्या चाचणीत वेबच्या केबलही ढिल्या पडल्या, अडकायचा धोका दिसला. मग ताण धरून ठेवणारी साधनं बसवली. म्हणून मी द्राक्षवाल्यांच्या बाजूने.

वर्कशॉपवाला:
अण्णा, तुम्ही माझाच मुद्दा मांडलात. ढील मारायला आणखी साधनं, म्हणजे बिघडायला आणखी जागा. ४०० कप्प्यांतली एक जाम झाली असती तर?

द्राक्षवाला:
झाली नाही, कारण ढील जमिनीवरच सापडली. स्प्रिंगचीसुद्धा चाचणी करावीच लागते ना?